ठिकाण नको, खोड उचला

वाचनालयाच्या पुस्तकाला शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी डकवलेली असते. गेल्या पावसाळ्यात ‘अपूर्वाई’ पुन्हा एकदा घरी आणलं आणि वाचायला सुरुवात करण्याआधी सहज ती चिठ्ठी बघितली. शिक्क्यांवर शिक्के. एक चिठ्ठी भरली म्हणून तिच्यावर दुसरी चिकटवलेली. मनात आलं, आपल्या गडहिंग्लजात एवढ्या लोकांनी हे पुस्तक वाचलं. त्यातले किती जण ते मिटल्यावर कुठंतरी गेले असतील? लंडन-पॅरिस राहू द्या, निदान आंबोलीला तरी?

उत्तर मला ठाऊक होतं, कारण त्या शिक्क्यांत दोन-तीन माझेच असणार. वर्षानुवर्षं मी प्रवासवर्णनं वाचत आलो. ‘आयुष्यात एकदा तरी जायला पाहिजे’ असा उसासा टाकला आणि मुदतीत पुस्तक परत केलं. चूक कुठं होत होती ते उशिरा कळलं. मी पुस्तकातून ठिकाण उचलत होतो. लेखक जपानला गेला की मला जपान हवं व्हायचं. जपानला पैसे लागतात, रजा लागते, घरच्यांची समजूत काढावी लागते. म्हणून ती हौस पुस्तकाबरोबरच कपाटात परत जायची.

चांगल्या प्रवासवर्णनात ठिकाणाहून मोलाचं काही असेल तर ती लेखकाची खोड. कुणाला परक्या माणसाशी बोलत बसायची खोड, कुणाला एकाच गडावर पुन्हा पुन्हा चढायची, कुणाला एका दगडापाशी तासभर थांबायची. ठिकाणाला तिकीट पडतं, खोड फुकट मिळते. शिवाय ती गडहिंग्लजच्या एसटी स्टँडपासूनच कामाला लावता येते. पुस्तक कसं निवडावं, त्यातली खोड कशी हेरावी आणि ती घेऊन एका दिवसात कुठं जाऊन यावं, ते इथं सांगतो.

आधी पुस्तक पारखा

प्रवासाच्या पुस्तकांत दोन जाती आहेत. एक जात वाट सांगते. आनंद पाळंदे यांचं ‘डोंगरयात्रा’ किंवा प्र. के. घाणेकरांचं ‘साद सह्याद्रीची! भटकंती किल्ल्यांची!’ ही त्या जातीची. कुठून चढायचं, पाणी कुठं, बघायचं काय, हे त्यांत मिळतं. दुसरी जात ओढ लावते, गो. नी. दांडेकरांची ‘दुर्गभ्रमणगाथा’ तशी. पहिलं पुस्तक पिशवीत ठेवायचं, दुसरं उशाशी. उशाशीचं पुस्तक वाट दाखवत नाही म्हणून त्यावर रुसू नये आणि पिशवीतल्या पुस्तकानं अंगावर काटा आणावा अशी अपेक्षाही धरू नये.

उशाशीचं पुस्तक निवडताना माझी एक चाचणी आहे. पुस्तक मधोमध उघडायचं आणि उभ्या उभ्या चार पानं वाचायची. त्यात लेखक कुठं चुकला, फसला, अडला का? एखादं परकं माणूस स्वतःच्या तोंडून बोललं का? खिशातल्या पैशांची काही काळजी दिसली का? तिन्हींपैकी दोन गोष्टी सापडल्या तर पुस्तक खुशाल घरी न्यावं. जिथं प्रत्येक गाडी वेळेवर सुटते, प्रत्येक देखावा ‘नयनरम्य’ असतो आणि प्रत्येक जेवण ‘लज्जतदार’, तो लेखक प्रवासाला न जाताही ते लिहू शकला असता.

प्रकाशनाचं वर्षही बघून ठेवा. ‘अपूर्वाई’ १९६० सालचं आहे. त्यातले दर, विमानं, व्हिसाचे नियम यांचा आज उपयोग शून्य. पण अनोळखी देशात पहिल्यांदा उतरलेल्या माणसाची तारांबळ जशीच्या तशी ताजी आहे. जुन्या पुस्तकातून स्वभाव घ्यावा. दर आणि वेळापत्रक आजचं विचारावं.

वाचताना हाताशी तीन गोष्टी

नकाशा, कोरा कागद आणि पेन्सिल. फोनवरचा नकाशा चालेल, पण भिंतीवर टांगायचा महाराष्ट्राचा मोठा नकाशा असेल तर अधिक बरं. त्यात आपलं गाव आणि पुस्तकातलं गाव एका नजरेत मावतात. वाचनालयाच्या पुस्तकावर पेन्सिलही चालवू नका, म्हणून कागद वेगळा.

कागदाचे तीन रकाने करा. पहिल्यात लेखकाला भेटलेली माणसं, दुसऱ्यात त्याला पडलेले प्रश्न, तिसऱ्यात तो सारखं सारखं काय करतो ते. गावांची यादी करायची गरज नाही, ती नकाशावर आहेच. पुस्तक संपेपर्यंत तिसऱ्या रकान्यात एकच गोष्ट चार-पाचदा लिहिली गेलेली दिसेल. तीच त्या लेखकाची खोड.

मग स्वतःला एक अट घाला: पुस्तक परत करायच्या आत, म्हणजे वाचनालयाच्या मुदतीतच, ती खोड घेऊन एका दिवसाचा प्रवास करायचा. आपल्या पंचक्रोशीत हे कसं जमतं, ते सहा लेखकांच्या आधारानं बघू.

गोडसे भटजी: निमित्त काढून निघावं

मराठी प्रवासवर्णनांत विष्णुभट गोडसे वरसईकरांच्या ‘माझा प्रवास’च्या तोडीचं पुस्तक विरळा. पेणजवळच्या वरसईचे हे भटजी १८५७ साली घरातून निघाले, ते हौसेनं नव्हे. डोक्यावर कर्ज होतं आणि बायजाबाई शिंदे मथुरेला मोठा यज्ञ करणार, तिथं दक्षिणा मिळेल, अशी वार्ता आली होती. वाटेत बंडाची बातमी लागली. पुढं ते झाशीत पोचले, इंग्रजांनी शहर घेतलं तेव्हा आत अडकले, लुटले गेले, आणि अखेर गाठीला पैसा न उरता गंगेची कावड घेऊन घरी परतले. जवळपास पंचवीस वर्षांनी त्यांनी हे सगळं लिहिलं आणि चिंतामणराव वैद्यांनी ते १९०७ साली प्रसिद्ध केलं.

भटजींची खोड अशी की त्यांना प्रत्येक ठिकाणी काहीतरी काम असतं. काम असलेला माणूस गावात आत शिरतो. नुसता बघायला आलेला वेशीवरून परततो. म्हणून आपणही निमित्त काढावं. आजऱ्याला ‘फिरायला’ जाऊ नका, घनसाळ तांदूळ आणायला जा. या तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, सुवासिक आहे, आणि तो पिकवणाऱ्याशी बोलताना शेत, पाऊस, भाव हे विषय आपोआप निघतात. काजू घ्यायचे असतील तर दुकानात न थांबता काजू फोडण्याचा कारखाना बघायला मिळेल का, ते विचारा. पिशवी भरून परत याल आणि सांगण्यासारखंही बरंच काही घेऊन याल.

पु. ल.: वीस शब्द शिकून जावं

पु. ल. देशपांड्यांची प्रवासवर्णनं आपण विनोदासाठी वाचतो. ‘अपूर्वाई’, ‘पूर्वरंग’, ‘जावे त्यांच्या देशा’ ओळीनं वाचली की त्या विनोदाखालची खोड दिसते: हा माणूस परक्या भाषेला कान देतो आणि हसताना आधी स्वतःला हसतो. या खोडीचा कळस ‘वंगचित्रे’मध्ये आहे. पन्नाशीच्या आसपासचा, महाराष्ट्रभर नाव झालेला लेखक शांतिनिकेतनात जाऊन बंगाली गिरवायला बसला. बेळगावच्या कॉलेजात मराठी शिकवलेला माणूस दुसऱ्याच्या भाषेचा विद्यार्थी झाला.

आपल्याला यासाठी बंगालपर्यंत जायला नको. संकेश्वर हाकेच्या अंतरावर आहे. तालुक्याच्या पूर्व भागात घराघरांत कन्नड बोलली जाते आणि स्टँडवर कन्नड पाटीच्या गाड्या रोज येतात. तरी आपल्यापैकी कित्येकांचं कन्नड ‘गोत्तिल्ला’च्या, म्हणजे ‘माहीत नाही’च्या, पुढं सरकलेलं नाही. वीस शब्द शिका. एष्टु म्हणजे किती, एल्लि म्हणजे कुठं, नीरु म्हणजे पाणी, ऊट म्हणजे जेवण, बेकु म्हणजे हवं, बेड म्हणजे नको, साकु म्हणजे पुरे. बोलण्याच्या शेवटी ‘री’ लावलं की ते आदराचं होतं. एवढ्या भांडवलावर एक दिवस बाजारात काढा आणि मराठीत बोलायचं नाही असं ठरवा. पहिल्या तासात चार ठिकाणी फजिती होईल. समोरचा माणूस हसेल, शब्द दुरुस्त करून देईल आणि मग विचारेल, कुठले तुम्ही? हा प्रश्न आला की समजा, प्रवास सुरू झाला.

गोनीदा: त्याच गडावर पुन्हा जावं

गो. नी. दांडेकरांनी कोवळ्या वयात घर सोडलं, नर्मदेची परिक्रमा केली आणि पुढं आयुष्यभर किल्ले तुडवले. पण ‘दुर्गभ्रमणगाथा’ वाचताना गडांची संख्या मोजत बसू नका. एकाच गडावर ते किती वेळा जातात ते बघा. राजगडासारख्या गडावर त्यांनी मुक्कामच्या मुक्काम केले. उन्हातला गड, धुक्यातला गड, चांदण्यातला गड हे त्यांच्या लेखी वेगवेगळे.

ही खोड मला सामानगडानं शिकवली, तीही माझी जिरवून. गडहिंग्लजपासून गड दहा-बारा किलोमीटरवर, रस्ता थेट वरपर्यंत जातो. त्या गुर्मीत पहिल्यांदा मे महिन्यात भर दुपारी गेलो. पाण्याची एकच बाटली, तीही अर्धी. जांभा दगड असा तापलेला की चपलेतून चटका बसत होता. सात कमानींच्या विहिरीपाशी एक फोटो काढला, तटावरून घाईनं फिरलो आणि ‘बघितला सामानगड’ म्हणून पाऊण तासात उतरलो.

दुसऱ्यांदा श्रावणात गेलो तेव्हा विहिरीच्या पायऱ्या सावकाश उतरलो. विहीर सगळी जांभ्यात कोरलेली. पहिल्या कमानीखाली उकाडा होता. जसजसा खाली गेलो तसतसा दगडाचा गारवा अंगाला लागत गेला आणि वरचे आवाज एकेक करून विझले. भिंतीवर हात फिरवला तर टिकावाच्या घावांचे ओरखडे बोटांना लागत होते. मेच्या फोटोत यातलं काहीच नव्हतं.

तिसऱ्या खेपेला जाण्याआधी १८४४ चं गडकऱ्यांचं बंड वाचून गेलो. कोल्हापूर संस्थानाचा कारभार इंग्रजांच्या नजरेखाली आला, गडावर पिढ्यान्‌पिढ्या चाकरी करणाऱ्या गडकऱ्यांच्या पोटावर पाय आला आणि त्यांनी याच गडाचे दरवाजे लावून घेतले. ऑक्टोबरात इंग्रज फौजेनं गड घेतला. हे माहीत झाल्यावर तट नुसता तट राहत नाही. आत कोंडून घेतलेली माणसं तिथून काय बघत असतील, इकडे डोळे वळतात.

तेव्हा नियम असा: एका वर्षात नवे बारा गड करण्यापेक्षा एक गड तीन ऋतूंत करा. पहिली खेप डोळ्यांनी, दुसरी हातांनी, तिसरी पुस्तक वाचून.

दुर्गाबाई: एकाच वस्तूपाशी थांबावं

दुर्गा भागवतांच्या ‘पैस’ला १९७१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. रूढ अर्थानं ते प्रवासवर्णन नाही, पण प्रवास कसा करावा हे शिकायला त्याच्यासारखं पुस्तक नाही. नेवाशाला ज्या खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीता सांगितली असं मानतात, त्या एका खांबापाशी बाई जातात आणि एका दगडातून अख्खा निबंध उभा राहतो. एका दिवसात सात ठिकाणं ‘करणाऱ्या’ सहलींवर हा अक्सीर उतारा आहे.

आपल्याकडे या खोडीसाठी नेसरी आहे. गडहिंग्लज–चंदगड रस्त्यावर हे गाव लागतं आणि जवळ कानडेवाडीला प्रतापराव गुजरांचं स्मारक आहे. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी सरनौबत प्रतापराव मोजक्या स्वारांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर चालून गेले आणि इथंच पडले. कुसुमाग्रजांची कविता आणि लता मंगेशकरांचा आवाज यांमुळे ही गोष्ट महाराष्ट्राच्या तोंडी आहे. म्हणूनच इथं माणूस गाडीतून उतरतो, गाण्याची ओळ गुणगुणतो, फोटो काढतो आणि पुढं जातो.

तुम्ही तासभर थांबा. घड्याळ लावून थांबा. पहिली पंधरा मिनिटं कंटाळ्यात जातील. मग जमिनीचा उतार दिसायला लागेल. फौज कुठून आली असेल, प्रतापराव आणि सहा स्वार अशी सात घोडी कुठून सुटली असतील, हा अंदाज बांधावासा वाटेल. सातांतल्या सहा जणांच्या नावांवर इतिहासकारांचं एकमत नाही, तरी आपण ती का पाठ करतो, हाही प्रश्न पडेल. गावातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाला विचारा, लहानपणी इथं काय होतं? स्मारक उभं राहण्याआधीची जागा त्यांच्या आठवणीत असते, पाटीवर नसते.

मीना प्रभू: आधी आपलं गाव लिहून काढावं

डॉ. मीना प्रभूंनी दक्षिण अमेरिका, मेक्सिको, तुर्कस्तान, इराण, चीन असे मुलुख पालथे घातले, पुष्कळदा एकट्यानं. ‘दक्षिणरंग’, ‘तुर्कनामा’, ‘गाथा इराणी’ वाचून महाराष्ट्रातल्या किती बायकांनी पासपोर्टचा फॉर्म भरला असेल, देव जाणे. पण त्यांचं पहिलं पुस्तक कोणतं? ‘माझं लंडन’. ज्या शहरात त्यांचा संसार होता, तेच शहर. दूरदेशी बघण्याची नजर त्यांनी आधी राहत्या गावावर परजून घेतली.

आपणही सुरुवात राहत्या गावापासूनच करू. मिरचीच्या हंगामात आपल्या बाजार समितीत एक सकाळ काढा. गेटजवळ पोचताच शिंका सुरू होतात. हमाल मात्र उपरण्याचा बोळा नाकाशी धरून पोत्यांवरून असे चालतात जणू काही झालंच नाही. जवारी मिरची वेगळी कशी ओळखायची, ते खरेदीदारालाच विचारा. तो मूठभर मिरच्या उचलून कानापाशी हलवेल, देठ बघेल, एक तोडून वास घेईल. आपण जन्मभर हे तिखट खाल्लं आणि ते पारखतात कसं हे ठाऊक नव्हतं, याची थोडी शरम वाटेल. तेवढी शरम उपयोगाची आहे. नाहीतर टोकियोच्या मासळीबाजारात उभं राहूनही आपण फोटोच काढू.

एकट्या प्रवासाची भीती असलेल्या मैत्रिणींनाही हीच पायरी सोयीची. पहिला एकटीचा प्रवास आपल्या तालुक्यात, दिवसाउजेडी, परतीची शेवटची गाडी आधी विचारून. दुसरा शेजारच्या जिल्ह्यात. तिसऱ्या वेळी घरचे ‘कशाला?’ असं विचारायचं सोडून ‘काय आणशील?’ असं विचारतात.

काकासाहेब: नदीचं बोट धरावं

बेळगावशी घरोबा असलेल्या काका कालेलकरांनी नद्यांना लोकमाता म्हटलं आणि देशभरच्या नद्यांवर लिहिलं. त्यांची खोड आपल्याला सगळ्यांत सोयीची, कारण नदी आपल्या उंबऱ्यातून जाते.

हिरण्यकेशी आंबोलीजवळ एका गुहेतल्या झऱ्यातून उगम पावते. तिथून अरबी समुद्र डोंगराखालीच म्हणावा इतका जवळ. पण ही बाई समुद्राकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत बेळगाव जिल्ह्यात घटप्रभेला मिळते. घटप्रभा पुढं कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. आपल्या पुलाखालचं पाणी आंध्रच्या किनाऱ्यावर पोचतं.

हा प्रवास दोन दिवसांत विभागा. पहिला दिवस वरच्या अंगाला. संकेश्वर–बांदा रस्त्यानं आंबोली गाठा आणि उगमाच्या देवळापाशी जा. तिथल्या कुंडात सापडलेल्या ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ या चिमुकल्या माशाची नवी जात म्हणून २०२० साली नोंद झाली आणि पुढच्याच वर्षी सरकारनं ही जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केली. म्हणून पाण्यात उतरू नका, खाण्याचे कागद टाकू नका आणि माशांना फुटाणे घालायचं पुण्यही कमावू नका. परतताना आजऱ्याच्या रामतीर्थावर थांबा. उगमाशी ओंजळीत मावणारी नदी इथं खडकांवरून उड्या घेते.

दुसरा दिवस खालच्या अंगाला. संकेश्वरवरून गोकाककडे. नदी घटप्रभेत विरून गेलेली असते, पण पाणी आपलंच. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली कोसळते. धबधब्याजवळ झुलता पूल आहे, जुनी कापडगिरणी आहे, आणि इथल्या पाण्यावर १८८७ सालीच वीज तयार झाली होती. पावसाळ्यात कड्याच्या टोकाला जाऊ नये, हे सांगायला नको. तरी सांगतो, कारण तिथं गेल्यावर सगळेच विसरतात.

या दोन दिवसांत एकच काम करा: खिडकीतून काय काय बदलतं ते टिपा. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या पुढं पाऊस. घरांच्या भिंतींवर शेवाळ. आजऱ्याकडे काजू आणि भात, बोलण्यात कोकणी वळण. गडहिंग्लजला ऊस, मिरची, भुईमूग आणि ‘काय करालायस?’. संकेश्वरच्या पुढं ज्वारीची भाकरी पातळ होते आणि पाट्या कन्नड. एका नदीच्या काठानं तीन हवामानं, दोन भाषा आणि चार तऱ्हेची भाकरी. यासाठी कुणाला जपानला जावं लागत नाही.

निघण्याआधी

एसटीच्या सवलती नीट समजून घ्या. महिलांना मार्च २०२३ पासून तिकीट निम्मं आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांनाही निम्मं आणि ७५ च्या पुढं प्रवास मोफत. ओळखपत्र विसरू नका. या सवलती राज्याच्या हद्दीपुरत्या असतात, तेव्हा बेळगाव-गोकाककडे जाताना हद्दीपुढचे पैसे धरून चला. लांबचा बेत असेल तर एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ हा चार किंवा सात दिवसांचा पास आगारात विचारा. प्रवासवर्णन वाचून चळलेल्या माणसासाठीच तो काढलाय की काय, अशी मला शंका आहे.

आंबोली पावसाळ्यातल्या रविवारी टाळा. त्या दिवशी धबधबा कमी आणि माणसांच्या टोप्या जास्त दिसतात. मधल्या वारी जा, घाटात दरडींची खबर घेऊन जा, जंगलात जळवांसाठी मीठ किंवा तंबाखूची पूड ठेवा. गडावर माणशी किमान दोन लिटर पाणी, डोक्याला टोपी, आणि अंधाराआधी खाली. पारगडासारख्या गडावर लोक आजही राहतात. तानाजी मालुसऱ्यांच्या मुलाचा, रायबाचा, हा गड. तिथं आपण कुणाच्या तरी अंगणातून चाललेलो असतो. पाणी मागावं, विचारून बसावं, विचारून फोटो काढावा.

ऋतूंचा हिशेब साधा आहे. जून ते सप्टेंबर वाचनाचे महिने आणि नदीचे दोन दिवस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गवत पिवळं पडायच्या आत सामानगड, पारगड. थंडीत मिरचीचा बाजार आणि आजऱ्याचा तांदूळ. फेब्रुवारीत नेसरी. मार्च-एप्रिलमध्ये पास काढून चार दिवस लांब. मे महिन्यात घरी बसा, नाहीतर माझ्यासारखी चप्पल भाजून घ्याल.

रात्री दहा ओळी

गोडसे भटजींनी पंचवीस वर्षांनी लिहिलं. इब्न बतूतानं जवळपास तीस वर्षं भटकून झाल्यावर आपला प्रवास मोरोक्कोत एका लेखनिकाला सांगितला. त्यांच्या आठवणीची बरोबरी आपल्याला जमणार नाही, कारण आपली आठवण फोनकडे गहाण पडली आहे. म्हणून घरी आल्यावर झोपायच्या आधी दहा ओळी लिहा. फोटोत येत नाही तेच लिहा: वास, भाव, कुणी बोललेलं एखादं वाक्य त्याच्याच शब्दांत, चुकलेली वाट, न पटलेली गोष्ट. ‘खूप छान वाटलं’ हे वाक्य लिहायचं नाही, एवढं एकच पथ्य. भेटलेल्या माणसाबद्दल पुढं कुठं छापणार असाल तर त्याला विचारून घ्या.

वर्षभरात अशा दहा-बारा नोंदी झाल्या की त्या सलग वाचा आणि पुस्तकाच्या वेळी केले होते तसे तीन रकाने पुन्हा आखा. तिसऱ्या रकान्यात या वेळी तुमची स्वतःची खोड दिसेल. माझी मला तशीच सापडली: मी जाईन तिथं आधी पाणी कुठून येतं ते विचारतो. सामानगडावर तहानलेला राहिलो, त्याचा तो परिणाम असावा.

आणि शेवटचं काम. पुस्तक परत करताना त्यात एक चिठ्ठी ठेवा. नाव नको, कौतुक नको. पुस्तक वाचून तुम्ही कुठं गेलात, गाडी किती वाजता मिळाली, पाणी कुठं मिळालं आणि कोणता प्रश्न घेऊन परत आलात, एवढंच चार ओळींत. माझ्या ‘अपूर्वाई’त मी लिहून ठेवलं: ‘संकेश्वर. सकाळची गाडी. “साकु” म्हणायला उशीर झाला म्हणून तीन भाकऱ्या खाव्या लागल्या. वाढणाऱ्या बाईंनी विचारलं, गडहिंग्लज एवढं जवळ असून कन्नड येत कसं नाही? उत्तर अजून दिलेलं नाही.’ तारखांच्या चिठ्ठीवर त्यानंतर दोन नवे शिक्के पडले आहेत. परवा मुद्दाम पुस्तक उघडून बघितलं. माझ्या चिठ्ठीला दुसरी एक टाचणीनं जोडलेली होती. अक्षर शाळकरी पोराचं वाटत होतं आणि पहिलाच शब्द होता, ‘गोकाक’.